एका खुराड्याविषयी

मा. मुख्याधिकारी महोदय,
नगरपरिषद कार्यालय, यांस



गेल्या मार्गशीर्षात आमच्या वसाहतीतील सतरा रहिवाशांच्या सह्यांनिशी आपल्या दफ्तरी जो अर्ज दाखल झाला, आणि ज्यात वसाहतीच्या उत्तर हद्दीस, जुन्या पाणंदीला लागून असलेल्या एका परसातील ‘अडगळ, दुर्गंधी व अनधिकृत कुक्कुटगृह’ यांचा तातडीने बंदोबस्त व्हावा अशी मागणी करण्यात आली होती, त्या अर्जावरील तिसरी सही माझी आहे. इतकेच नव्हे, तर त्याचा मसुदाही माझ्याच ओसरीवर, माझ्याच हस्ताक्षरात सिद्ध झाला. आणि त्यातील ‘परिसराचे विद्रूपीकरण’ हा शब्दप्रयोग वाचून आपल्या कार्यालयातील आवक बारनिशीच्या कारकुनाने ‘हा अर्ज कोणा मास्तराने लिहिलेला दिसतो’ असा जो शेरा तोंडी मारल्याचे पुढे माझ्या कानावर आले, तो शेरा अगदी अचूक होता. बत्तीस वर्षे मी मुलांना निबंधलेखन शिकवले. भारदस्त शब्द हाती लागला की लिहिणाऱ्याचे वस्तूकडे पाहणे थांबते, हे इतक्या वह्या तपासून मला कळायला हरकत नव्हती.

अर्जावरच्या सह्या देवळाच्या पारावर बसून, चारचौघांसमक्ष गोळा केल्या होत्या. त्यांतील एक सही मागे घेण्याचे काम बंद पाकिटातून उरकणे मला प्रशस्त वाटेना. सबब हे पत्र खुले.

ज्या बाईविरुद्ध तो अर्ज आहे तिला सारी वाडी काकी म्हणते, म्हणून मीही तसेच म्हणतो. तिचा नवरा सुतार होता. तो जाऊन नऊ वर्षे झाली. तिचे घर जुन्या गावठाणात मोडते. आमची चोवीस भूखंडांची वसाहत ज्या जमिनीवर उभी आहे तेथे तीस वर्षांपूर्वी भाताची खाचरे होती. पुढे ती बिनशेती झाली, नगरपरिषदेची हद्द वाढली, पाणंदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन्ही भाग एकाच प्रभागात आले, आणि जी वाडी आम्हांला आपल्या शेजाराला घेत होती तिच्यावरच, काही काळाने, शेजारी कसे असावेत याचा विचार करण्याचा अधिकार आम्हांला प्राप्त झाला. या सगळ्यात काकीने एक पाऊलही हलवलेले नाही.

येथे एक कबुली देतो, जी अर्जात नव्हती. काकीच्या परसाभोवती जांभ्या दगडाचा कमरेच्या वर येणारा गडगा आहे, आणि आमच्या घरांना वरचा मजला नव्हता तोवर त्या गडग्यापलीकडे काय आहे याची आम्हां कोणास चिंता नव्हती, कारण ते दिसतच नव्हते. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या आग्रहाने मी माडी चढवली. पाठोपाठ आणखी तिघांनी चढवली. आणि सज्जात उभे राहून चहा पिण्याची जी नवी सवय आम्हांला जडली तिच्यामुळे गडग्याआडचे परस एकाएकी आमच्या पायांखाली उघडे पडले. परसात काहीच वाढले नव्हते. आमची नजर तेवढी बारा फूट वर गेली होती. तथापि अर्जात मी ‘अलीकडे हा प्रकार असह्य झाला आहे’ असे लिहिले, आणि सोळा सुशिक्षित माणसांनी ते वाचून त्याखाली सह्या केल्या.

पौषात आपले स्वच्छता निरीक्षक पंचनाम्यासाठी आले तेव्हा दोन पंचांपैकी एक म्हणून त्यांनी मला बोलावले. (तक्रारदारानेच पंच व्हावे का, हा प्रश्न त्यांना सुचला नाही, आणि मलाही त्या वेळी सुचला नाही.) गडग्याच्या खिंडीतून मी त्या परसात प्रथमच पाऊल टाकले. निरीक्षक तोंडाने सांगत होते आणि मी लिहीत होतो: मोडके वासे, ढीग एक; जुनी मंगलोरी कौले, अंदाजे तीनशे; फाटके जाळे; निळी पिंपे, दोन; नारळाची सोडणे, पुष्कळ; निकामी फ्रिज, एक; पत्रे, फळकुटे व तत्सम साहित्य यांपासून तयार केलेले खुराडे, एक. लिहिताना माझ्या ध्यानात येऊ लागले की, आमच्या यादीतील प्रत्येक वस्तूपुढे ‘मोडके’, ‘फाटके’, ‘निकामी’ असे एकेक विशेषण आम्ही लावत होतो, आणि काकी, जी इतका वेळ पदर खोचून गप्प उभी होती, ती प्रत्येक वेळी त्या विशेषणाच्या जागी एखादे क्रियापद ठेवून देत होती. जाळे फाटके असेल, परंतु ते खुराड्यावर ताणले आहे म्हणून घारीला पिल्लू उचलता येत नाही. सोडणे रोज पहाटे न्हाणीच्या चुलीत जातात आणि पाणी तापते. पिंपांत पहिल्या पावसाआधी शेणखत कुजते. वासे किंजळीचे, नवऱ्याने मोडलेल्या घरांतून वेचून आणलेले, त्यांतला एक मी पायाने सरकवून पाहिला तेव्हा ती प्रथमच माझ्याकडे वळून म्हणाली, “मास्तरांनु, ह्यो वासो गेलो तर पावसात पडवी कशार उभी रवतली?”

वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात हा प्रश्न कोणी शोभेसाठी विचारत नाही.

फ्रिज आमच्या अर्जातील अनुक्रमांक पाच यांचा होता. नवा घेतल्यावर जुना त्यांनीच पाणंदीच्या कडेला ठेवून दिला होता, आणि नगरपरिषदेच्या गाडीने तो न उचलल्यामुळे अखेर काकीने उचलला. त्याचे दार काढून, आडवा पाडून, आत पेंढा अंथरून त्यात कोंबड्या अंडी घालीत होत्या. परंतु मला थक्क केले ते खुराड्याच्या दाराने. फणसाच्या तीन उभ्या फळ्या, हिरव्या तैलरंगाचे पोपडे, डाव्या हाताला लोखंडी कडी. आणि वरच्या फळीवर गेरूने लिहिलेला, अर्धा पुसट झालेला एक क्रमांक. तो २००१ च्या जनगणनेच्या वेळचा घरक्रमांक होता. माझ्या घराचा. माडी चढवताना मागीलदारी मी ॲल्युमिनियमची सरकती चौकट बसवली, आणि जुने दार ‘कुठे तरी उपयोगी पडेल’ म्हणून गवंड्याच्या हवाली केले. ते उपयोगी पडले होते. सरकारदरबारी ज्या दारामागे मी, माझी पत्नी, माझी वृद्ध आई आणि दोन मुले अशी पाच माणसे नोंदली गेली, त्या दारामागे आता नऊ कोंबड्या, एक कोंबडा आणि तीन तलंगा राहत होत्या. आणि ते दार ‘अनधिकृत’ आहे असे लिहिलेल्या कागदाखाली मी पंच म्हणून सही करणार होतो. मी ती केली. हे लिहिण्यास मला लाज वाटते, पण केली खरी.

अडगळ या शब्दाविषयी मला आपणांस आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले, तेव्हा वाऱ्याने माड मोडले, विजेचे खांब आडवे केले, आणि आमच्या वसाहतीतील निम्म्या घरांची कौले खाचरातल्या बगळ्यांच्या थव्यासारखी उडवली. त्या वेळी आम्हां बहुतेकांना माड्या नव्हत्या, स्लॅबही नव्हता. दुसऱ्या दिवशी बाजारात कौल मिळेना, आणि टाळेबंदीमुळे बाजारच धड उघडा नव्हता. आकाश भरून आलेले, पावसाळा तोंडावर. तेव्हा गडग्याच्या त्या खिंडीतून आमच्या वसाहतीचे लोक एकेक करून काकीच्या परसात गेले आणि डोक्यावरून कौले घेऊन परत आले. मी स्वतः गेलो नाही, मुलाला पाठवले. पंच्याऐंशी कौले आली. काकीने मोजून दिली आणि पैसे घेतले नाहीत, ‘नवी आली की परत द्या’ म्हणाली. आमच्यापैकी किती जणांनी परत दिली, हे विचारण्याचे धाडस मी केलेले नाही; परंतु पंचनाम्यात तीनशे कौले भरली आणि पूर्वी तेथे याहून बरीच अधिक असावीत असे भिंतीवरच्या ओलीच्या रेषेवरून दिसत होते. पुढे आम्ही स्लॅब घातले. मग कौले ही अडगळ झाली.

आता दुर्गंधीविषयी. अर्जात तिचा उल्लेख ठळक होता, म्हणून निरीक्षकांनी तिचा छडा लावण्याचे मनावर घेतले, आणि हा त्या दिवसातील सर्वांत प्रामाणिक भाग झाला. खुराड्यापाशी वाकून पाहिले: राख, भाताचे तूस, थोडा उग्र दर्प, जो दोन पावलांवर विरून जात होता. मग आम्ही तिघेही नाके वर करून, शिकारी श्वानांप्रमाणे, वाऱ्याच्या रोखाने निघालो, ते पाणंदीवरून, मोरीवरून, थेट आमच्याच वसाहतीच्या तोंडाशी आलो. तेथे अनुक्रमांक अकरा यांच्या शौचकूपाच्या टाकीचा वाढवलेला नळ उघड्या गटारात सोडलेला होता आणि गटार पुढे तुंबलेले होते. निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिले. मी गटाराकडे पाहिले. पंचनाम्यात या मोरीची नोंद नाही, कारण तिच्याविषयी अर्ज नव्हता.

कायद्याचे माझे ज्ञान वर्तमानपत्री आहे. तरीही उपद्रव हा शब्द ज्या कायद्यात आहे त्याचा एक दाखला आपणांसमोर ठेवण्याचा मोह आवरत नाही. मध्यप्रदेशातील रतलाम या गावच्या रहिवाशांनी उघडी गटारे आणि घाण यांविरुद्ध तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला तो कोणा कोंबड्या पाळणाऱ्या बाईविरुद्ध नव्हे, तर खुद्द रतलामच्या नगरपालिकेविरुद्ध. तिजोरीत पैसा नाही ही तिची सबब न्यायालयाने ऐकून घेतली नाही. गटारे बांधा, असा हुकूम झाला. त्या रहिवाशांची तक्रार नाकाची होती. आमची डोळ्यांची होती, आणि आम्ही तिला नाकाचे नाव दिले.

डोळ्याने स्वच्छता मोजण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तिचा इतिहास सुखाचा नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला असता प्लेग अधिकारी रँड याच्या समितीचे गोरे शिपाई घरांत शिरत, आणि जे त्यांच्या नजरेला गलिच्छ वा संशयास्पद दिसे ते सामान रस्त्यावर येई, प्रसंगी जाळले जाई. त्या सामानात कोणाचे देव होते, कोणाची वर्षाची बेगमी होती, हे पाहण्यास त्यांना सवड नव्हती. रोग खरा होता, उपायांची निकड खरी होती, आणि तरीही शहराच्या मनात त्या उपायांविषयी जी चीड साठली तिचे पर्यवसान २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवरील गोळीबारात झाले, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. आपली वा आपल्या निरीक्षकांची तुलना त्या मंडळींशी करण्याचा अविवेक मी करणार नाही; निरीक्षक तर निघताना काकीकडचा चहाही प्याले. मला स्मरण होते ते एवढ्याचसाठी की, दुसऱ्याच्या घरातील वस्तू परक्या नजरेला नेहमी केरासारखीच दिसते.

याच महाराष्ट्रात गाडगेबाबाही होऊन गेले, ज्यांच्या नावाने शासनाने २००० साली ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू केले. बाबा गावात येत ते खराटा घेऊन. दिवसभर स्वतः गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात गावाला सुनावीत. सुनावणे त्यांचे जहाल असे, पण आधी हात चाललेले असत. (देवाला कोंबडी-बकरी मारण्याविरुद्ध ते आयुष्यभर बोलले, तेव्हा कोंबड्यांचा कैवार घेणारे हे पत्र त्यांना कितपत मानवले असते, याविषयी मी साशंक आहे, कारण काकीच्या कोंबड्यांपैकी काही राखणीला जातात, आणि दिव्यांच्या अवसेच्या आदल्या दिवशी तिच्या खिंडीत आमच्या वसाहतीतील कोण कोण रांग लावून उभे असतात, ते मी सज्जातून पाहिले आहे. गावठी कोंबडा हवा असतो. खुराडे नको असते.)

काकीच्या परसाला मी निर्दोष ठरवीत आहे असे आपण समजू नये. कोंबडा पहाटे चारला आरवतो, आणि अनुक्रमांक नऊ यांच्या घरी तान्हे मूल आहे. ती तक्रार खरी आहे. कणीच्या मागे उंदीर येतात व उंदरांच्या मागे साप, हेही खरे. आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात या देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, लाखो पक्षी मारावे लागले, पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील खेड्यांत घरगुती कोंबड्यांतही तो निघाला, हे ज्याला आठवते त्याने खुराड्याकडे पाहून कपाळाला आठी घातली तर त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. परंतु या प्रत्येक गोष्टीला उपाय आहे, आणि त्यांतील एकही उपाय ‘काढून टाका’ असा नाही. कणी रात्री उघडी राहू नये. विष्ठा आठवड्यातून दोनदा खड्ड्यात जावी. मानमोडीची लस वेळेवर टोचली जावी, आणि पक्षी अचानक मरू लागले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळावे. खुराडे गडग्यापासून अमुक फूट असावे, पक्षी अमुक संख्येपेक्षा अधिक नसावेत, असा काही नियम आपण केलात तर तो आम्हां दोघांनाही लागू पडेल आणि टेपने मोजता येईल. ‘विद्रूपीकरण’ टेपने मोजता येत नाही. शिवाय ज्या शासनाचे आपण अधिकारी आहात त्याचाच पशुसंवर्धन विभाग ‘परसातील कुक्कुटपालन’ या नावाने २५ माद्या आणि ३ नर अशा तलंगांचे गट निम्म्या अनुदानावर देतो. म्हणजे तालुक्याच्या एका कार्यालयात जी बाई लाभार्थी ठरू शकते तीच दुसऱ्या कार्यालयात उपद्रवी ठरते, आणि दोन्ही कागदांवर खुराडे तेच असते.

तरीही आम्ही सह्या का केल्या, या प्रश्नाचे उत्तर मला बरेच दिवस टोचत आहे. आमच्या सतरा जणांत जन्माने शहरी असा एकही नाही. आमच्या सर्वांच्या आयांनी तिन्हीसांजेला पडवीत कोंबड्या डालल्या आहेत. माझी आई डालगे टाकण्यापूर्वी त्यांना मोजीत असे, आणि एखादी कमी भरली तर कंदील घेऊन मला काजूच्या बागेत पाठवी. भावाची महाविद्यालयाची पहिली फी अंड्यांच्या पैशांतून गेली. आमच्या मागीलदारीही वासे होते, करवंट्या होत्या, चिंध्यांची गाठोडी होती, जी आईच्या मृत्यूनंतर मी टेम्पो बोलावून एका दिवसात साफ केली आणि मला मोठे हलके वाटले. शहरात मुरलेल्या माणसाला काकीचे परस पाहून फार तर गंमत वाटली असती, त्याने छायाचित्र काढले असते. आम्हांला ते पाहवले नाही, कारण सज्जातून खाली पाहताना प्रत्येकाला तेथे आपलीच आई कोंबड्या मोजताना दिसत होती, आणि समोरच्या सज्जातले लोकही तेच पाहत आहेत असे वाटत होते. तसल्या घरातून निघून आम्हांला अजून एक पिढीही झालेली नाही. अर्जात हे लिहिता येत नाही. म्हणून दुर्गंधी लिहिली.

तेव्हा माझी विनंती अशी की, सदर अर्जावरील अनुक्रमांक तीनची सही रद्द समजण्यात यावी. पंचनाम्यावरील माझ्या सहीपुढे ‘पंच स्वतः तक्रारदार असून खुराड्याचे दार पंचाच्या घराचे आहे’ असा शेरा नोंदण्यात यावा. आणि मोरीजवळच्या नळाविषयी हे पत्रच अर्ज समजून तजवीज व्हावी. अनुक्रमांक अकरा माझे मित्र आहेत. त्यांना मी हे आधी सांगितले आहे. ते चार दिवस बोलले नाहीत, काल बोलले.

पंचनाम्यावरून काकीला दिलेली नोटीस सर्वस्वी मागे घ्यावी असेच माझे म्हणणे आहे. परंतु कार्यालयीन अडचणींमुळे ते लगोलग होण्यासारखे नसेल तर निदान पुढील गोष्टीचा विचार व्हावा. नोटीस गेल्या मंगळवारी बजावली गेली आणि खुराडे हटवण्यास तीत पंधरा दिवसांची मुदत आहे. त्याच्या दोन दिवस आधी, म्हणजे रविवारी संध्याकाळी, काकीने एक खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर बसवली आहे. ती फ्रिजमध्ये बसली असून तिला हलवले तर ती अंडी टाकते. कोंबडीला एकवीस दिवस लागतात. आपल्या मुदतीत चार दिवस कमी पडत आहेत. तेवढी मुदतवाढ मिळावी. त्यांतून निघणाऱ्या तलंगांपैकी दोन अनुक्रमांक पाच यांनी आताच सांगून ठेवल्या आहेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
अर्जातील अनुक्रमांक तीन